लुझविमिंदा झोपली नव्हती

त्सुकुबाच्या एका वृद्धाश्रमात लुझविमिंदा नावाची फिलिपिनो बाई कामाला होती आणि आळशी म्हणून तिची ख्याती होती. ख्याती कसली, शिक्काच! आणि गंमत बघा, एखादे अवजड आजोबा अंघोळीला हटून बसले, कुणाला हात लावू देईनात, की सगळा मजला याच आळशी बाईच्या नावाने हाका मारत सुटायचा. लुझ-सान! लुझ-सान! ती यायची, आजोबांच्या कानाशी काहीतरी गुणगुणायची, काखेत हात घालून त्यांना अलगद उचलायची आणि घेऊन जायची. तेवढं झालं की बाई परत आळशी. आता याला काय म्हणायचं?

सुरुची तिथे कामाला लागली तेव्हा तिनेही हेच ऐकलं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते पटलंही. सुरुची मूळची पुण्याची. नवरा धीरज त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत, त्याच्यामागून ती त्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी इथे आली. तेव्हा आई फोनवर रोज विचारायची, काय गं, त्या फुटलेल्या अणुभट्टीचे किरण नळाच्या पाण्यातून येतात का? पहिली काही वर्षं घर, सायकल, कचऱ्याची वर्गवारी आणि जपानी भाषेच्या परीक्षा यांत गेली. मग घरात बसून जीव विटला आणि तिने या आश्रमात बाइतो धरला, म्हणजे आपला पार्ट-टाइम. खाली लाँड्रीत चादरी वाळवायच्या, वर जेवणाचे ट्रे फिरवायचे. शिवाय इंग्रजी येतं म्हणून मॅनेजर सेगावा-सानचे परदेशी फोन तिच्याच गळ्यात पडायचे.

सेगावा-सान माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवायचा नाही, सफाईवाल्यालाही वाकून नमस्कार करायचा. रोज सकाळी तो मजल्यावर फेरी मारायचा आणि तो लिफ्टमधून बाहेर पडला रे पडला की सगळ्या बायकांच्या अंगात वारं शिरायचं. आत्तापर्यंत गप्पा छाटत उभ्या असलेल्या बायका पुसलेली टेबलं पुन्हा पुसायच्या, दुमडलेले टॉवेल उलगडून परत दुमडायच्या. जपानात साहेबासमोर रिकामं दिसणं म्हणजे पापच. लुझचं मात्र नेमकं उलटं. पहाटेपासून कंबर मोडेस्तोवर राबणारी ही बाई, साहेब दिसला की हातातला पोछा भिंतीला टेकवायची, दोन्ही हात मोकळे सोडायची आणि मान खाली घालून कडेला उभी राहायची. साहेब गेला की पोछा उचलून पुन्हा सुरू. त्यामुळे झालं काय, की इतक्या वर्षांत सेगावा-सानने तिला काम करताना कधी पाहिलंच नाही!

सुरुचीने हे घरी सांगितलं तेव्हा धीरज हसला. "अगं, गरम देशातली माणसं ती. आळशी असायचीच."

"आणि आपण कुठले? सायबेरियाचे?"

"आपलं वेगळं."

"वेगळं कसलं बोडक्याचं! माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान जन्मभर दुपारी एक ते चार बंद असायचं. गिऱ्हाईक दारात उभं आणि बाबा आत माजघरात डाव्या कुशीवर. त्याला आपण वामकुक्षी म्हणतो. वर आयुर्वेद आहे म्हणून सांगतो. आणि ती बिचारी नुसती उभी राहिली तर आळशी?"

धीरजने विषय बदलला. पण बोलता बोलता सुरुचीचं बोलणं तिचं तिलाच लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या जिन्यावर गेली, जिथे लुझ एकटीच भात आणि सुकी मासळी खात बसायची. वासामुळे तिला आतल्या खोलीत बसू नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. नुसत्या खिडक्या उघडल्या होत्या, एवढंच.

"लुझ-सान, साहेब आल्यावर तुम्ही काम का थांबवता?"

लुझने काटा काढत तिच्याकडे पाहिलं. "थांबवते? हो, थांबवते खरं." जणू तिला हे कुणी पहिल्यांदाच दाखवलं होतं. "आमच्या घरात असंच शिकवलं. मोठा माणूस आला की हात रिकामे करायचे."

मग तिने घरातली जुनी गोष्ट सांगितली. तिचं कुळ मूळ एका छोट्या बेटावरचं. तिच्या आजीच्या आजोबांच्या काळात तिथे स्पॅनिश लोकांचं राज्य. चर्च बांधायला, रस्ते फोडायला, जहाजांसाठी डोंगरातलं लाकूड ओढायला गावातून माणसं धरून न्यायचे. मजुरी शून्य. आणि धरायचे कुणाला? जो राबताना दिसेल त्याला! ज्याच्या शेतात पीक उभं दिसेल त्याच्याकडून दाणाही उचलायचे. म्हणून लोक काळोखात उठून शेत उरकायचे आणि पाद्री नाहीतर मुकादम यायच्या वेळेला पायरीवर हात सोडून बसायचे. पाद्री बघायचा, मान हलवायचा आणि लिहून टाकायचा की ही जात जन्मजात आळशी. घरात असं सांगायचे की लिहिलं तर लिहिलं, त्या वर्षी पोरं तरी जगली.

"मग अमेरिकन आले. त्यांनी शाळा काढल्या आणि शाळेत आम्हालाच शिकवलं की तुम्ही आळशी. आमचा मास्तर आमच्यातलाच, पण छडी मारताना तेच म्हणायचा. माझी आजी दिवसाला डोंगरभर धुणं धुवायची आणि मी जरा टेकले की मलाही म्हणायची, तापुलान!"

"म्हणजे?"

"आळशी. आमच्या भाषेत." लुझ हसली. "तो वरचा म्हातारा म्हणतो ना, तेच."

वरचा म्हातारा म्हणजे होंजो-सान. नव्वदी ओलांडलेला, स्वतःच्या लेकीचं नाव विसरलेला, पण तरुणपण मात्र सगळं जागच्या जागी. महायुद्धाच्या आधी तो दावाओला होता. तिथे केळीसारख्या एका झाडाच्या सोपटापासून जहाजांच्या दोरांचा धागा काढतात, त्याचे मोठमोठे मळे होते आणि बरेचसे जपान्यांच्या हातात होते. पोरसवदा होंजो त्या मळ्यावर मुकादमाचा मदतनीस. मजुरांवर ओरडायला जेवढी लागते तेवढी त्यांची भाषा शिकला होता आणि म्हातारपणी तेवढीच शिल्लक राहिली. लुझ दारात दिसली की हा पलंगावर उठून बसायचा आणि गरजायचा, तापुलान! तापुलान!

लुझचं माहेर त्याच दावाओचं. तिच्या आजीने त्याच मळ्यांत धागा ओढला होता. लोखंडी पात्यातून सोपट ओढून ओढून आजीच्या हाताची बोटं कायमची वाकडी झाली होती. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. सुरुचीने मात्र डबा बाजूला सरकवला. "आणि त्या माणसाला तुम्ही भरवता? पुसता?"

"मग कोण पुसणार?" लुझ म्हणाली. "त्याला तरी कुठे ठाऊक होतं? त्याला त्याच्या साहेबाने सांगितलं, साहेबाला अमेरिकन साहेबाने."

ही अशी बाई. ऐन विशीत नाचगाण्याच्या परवान्यावर जपानला आली, मागे आईजवळ तान्ही मुलगी ठेवून. त्सुचिउराच्या एका बारमध्ये गिऱ्हाइकांचे ग्लास भरले, तिथल्याच एका इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं, तो गेल्यावर वृद्धाश्रमात लागली. भूकंप झाला तेव्हा लिफ्ट बंद पडली, दिवे गेले, नळ कोरडे. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन जिन्याने खाली आणलं ते याच बाईने. परदेशी कामगार देश सोडून पळाले म्हणून पेपरांतून ओरड चालली होती आणि ही आश्रमातच सतरंजीवर झोपत होती. त्या वेळी सेगावा-सानने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले होते. पण कौतुक किती दिवस पुरणार? शिक्का जुना होता, तो पुन्हा वर आला.

आता लुझला या जगात एकच गोष्ट हवी होती. ती तान्ही ठेवलेली मुलगी, आनालिन, आता तिथे नर्सिंग शिकून बसली होती. वृद्धांच्या सेवेसाठी परदेशी शिकाऊ घ्यायची नवी योजना सरकारने सुरू केली होती आणि आनालिनचा अर्ज याच आश्रमासाठी मनिलाच्या एजन्सीत गेला होता. सेगावा-सानची सही झाली की झालं. लुझने एक लहानसं घर बघून ठेवलं होतं. पडदे शिवले होते. लेकीला काय आवडतं हे तिला नीट माहीत नव्हतं, म्हणून पडदे दोन रंगांचे शिवले होते. "तिच्या हातचं एकदा जेवायचंय मला," ती सुरुचीला म्हणायची, "आणि तिने माझ्या हातचं. आमचं तेच राहिलंय."

तो ऑगस्ट भाजून काढणारा होता. ओबोनचे दिवस, म्हणजे जपान्यांचे पितर घरी यायचे दिवस. निम्मी माणसं सुट्टीवर. एका दुपारी पाळीवर उरलेल्या दोघींपैकी एकीला सेगावा-सानने एका आजींबरोबर हॉस्पिटलात धाडलं, आणि स्वतः, तासाभरात येतो सांगून, मालकांकडे मीटिंगला गेला. म्हणजे एवढ्या मोठ्या मजल्यावर उरली एकटी लुझ! कायद्याने असं चालत नाही. पण कागदावर त्या दुपारी पुरेशी माणसं होती, सेगावा-सान धरून.

सुरुची खालून चादरी घेऊन वर आली तेव्हा लुझ न्हाणीघरात होती. एका आजींना टबात बसवलेलं, एका हाताने त्यांची मान पाण्याच्या वर धरलेली, दुसऱ्या हाताने पाठ चोळणं चाललेलं. तेवढ्यात बाहेर दाणकन आवाज झाला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लुझ जागची हलू शकत नव्हती. मान सोडली असती तर आजी पाण्याखाली गेल्या असत्या. "पळ!" ती ओरडली. सुरुची पळाली. होंजो-सान पलंगाशेजारी पालथे पडले होते आणि कानातून रक्त येत होतं. पुढच्या आठवड्यात ते गेले.

आणि मग सुरू झालं. होंजो-सानची लेक आली, तिने एकच विचारलं, माझे वडील पडले तेव्हा तिथे माणूस का नव्हतं? सरळ प्रश्न. उत्तरही सरळ होतं. पण ते उत्तर दिलं असतं तर पालिकेची चौकशी लागली असती, कदाचित आश्रमाला टाळंही लागलं असतं. सेगावा-सानने लुझला आत बोलावलं. सुरुचीलाही बोलावलं, शब्दांचा घोळ नको म्हणून.

"लुझ-सान, फार उकाडा होता," तो हळूच म्हणाला. "जेवणानंतरची वेळ. क्षणभर डोळा लागला असेल. कुणाचाही लागतो. तसं असेल तर हा एका माणसाचा दोष होतो, आम्ही कुटुंबाची माफी मागू आणि विषय मिटेल. नाहीतर आश्रमच राहणार नाही. मग आनालिन-सान येणार कुठे?"

किती गोड बोलावं माणसाने! एक धमकी नाही, एक वाकडा शब्द नाही. सुरुचीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बोलायला तोंड उघडणार तोच लुझने टेबलाखालून तिचा हात घट्ट दाबला.

"हो," लुझ म्हणाली. "डोळा लागला होता."

मागच्या जिन्यावर सुरुची तिच्यावर अक्षरशः तुटून पडली. "वेड लागलंय का तुम्हाला? मी होते ना तिथे! मी सांगते सगळ्यांना. तुम्ही झोपला नव्हतात!"

"सांगू नकोस. मला वचन दे." लुझचे डोळे कोरडे होते. "माणसं कमी होती म्हटलं तर पुरावे मागतील, महिनोन्‌महिने चालेल. झोपले म्हटलं की कुणी काही विचारतच नाही. बघितलंस ना, किती पटकन लिहून घेतलं? आमच्याबद्दल हे आधीच सगळ्यांना पटलेलं आहे, सुरुची-चान. ते खोटं आहे म्हणून भांडले तर मुलगी जाते. खरं आहे म्हटलं तर मुलगी येते. माझ्या लोकांनी अशीच तर पोरं जगवली."

सुरुचीने वचन दिलं. द्यायला नको होतं, तिला कळत होतं. पण पडदे शिवून बसलेल्या आईपुढे नाही कसं म्हणणार?

माफीच्या दिवशी लुझ काळे कपडे घालून आली. गुडघे टेकून तिने कपाळ जमिनीला लावलं आणि तशीच राहिली. होंजो-सानची लेक रडत होती. तिने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ती फक्त सेगावा-सानकडे वळून म्हणाली, "वडील नेहमी सांगायचे हो. त्या लोकांच्या भरवशावर काही सोडू नये म्हणून." सेगावा-सानने मान झुकवली. लुझचं कपाळ जमिनीवरच होतं. सुरुची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ट्रे तिथेच ठेवून ती लाँड्रीत जाऊन मोठमोठ्याने रडली. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

लुझने राजीनामा दिला, म्हणजे तिच्याकडून घेतला. कुटुंबाचं समाधान व्हावं म्हणून, असं सांगितलं. ती रात्रपाळीला एका डबे भरायच्या कारखान्यात लागली आणि आनालिनच्या अर्जावरच्या सहीची वाट बघत राहिली. भेटली की एकच प्रश्न. आली का गं सही? सुरुची सेगावा-सानला विचारायची, तो म्हणायचा, मालकांकडे आहे.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एका सकाळी त्याने सुरुचीला ऑफिसात बोलावलं. मनिलाच्या एजन्सीला फोन करायचा होता. मजकूर त्याने आधीच करून ठेवला होता, नेहमीसारखा नम्र. आईच्या हातून कामावर झोप लागण्याचा प्रकार घडला असल्याने मुलीला याच आश्रमात घेणं मृताच्या कुटुंबाला बरं वाटणार नाही. अर्ज आम्ही मागे घेत आहोत. तिच्या जागी इतर मुली पाठवाव्यात. शक्यतो कष्टाळू.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"मी प्रयत्न केला," सेगावा-सान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख होतं. "मालकांना वाटतं, आईची सवय मुलीत असायची. मला काय करता येणार?"

सुरुचीने फोन लावला. आता कसलं वचन आणि कसलं काय! ज्या लेकीसाठी ते पाळलं तिलाच दार बंद झालं होतं. सेगावा-सान शेजारी बसून चहा पीत होता, त्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पलीकडे एजन्सीची बाई आली, फिलिपिनोच. सुरुचीने आधी दिलेला मजकूर वाचला. मग आवाज जराही न बदलता ती पुढे बोलत गेली.

"आणि मॅडम, आता ऐका. यातलं एक अक्षर खरं नाही. ती बाई झोपली नव्हती. मी तिथे होते. त्या दुपारी अख्ख्या मजल्यावर ती एकटी होती, आणि एका म्हातारीला बुडण्यापासून धरून बसली होती. इथे माणसंच ठेवली नव्हती. मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. तुम्ही हे वर कळवा."

इतका वेळ काय चाललंय म्हणून सेगावा-सानने भुवया उंचावल्या.

"मॅडम," पलीकडची बाई म्हणाली, "तुमचं खरं असेल. पण झोपली होती असंच राहू द्या."

"काय?"

"झोपणारी एक बाई गेली तर तिच्या जागी दुसरी पाठवता येते. तिथे माणसंच नसतात असं मी कळवलं तर तुमचा आश्रम बंद होईल. माझ्याकडे चार मुली तयार आहेत, मॅडम. भाषा शिकल्यात, घरच्यांचा निरोप घेऊन बसल्यात. त्यांना कुठे पाठवू?"

"आणि आनालिन?"

"ती इथेच बाहेर बाकावर बसली आहे. आज निकाल कळणार म्हणून सकाळपासून आली आहे."

"तिला काय सांगणार तुम्ही?"

"आई कामावर झोपली म्हणून."

"तिचा विश्वास बसणार नाही. तिची आई आहे ती!"

"बसेल, मॅडम." त्या बाईच्या आवाजात राग नव्हता, दुष्टपणाही नव्हता. "आधी रडेल. मग बसेल. आम्हाला हे लहानपणापासून सांगितलेलं असतं."

सुरुचीने फोन ठेवला. सेगावा-सानने काळजीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"चार मुली तयार आहेत म्हणाल्या," सुरुची म्हणाली. "कष्टाळू."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, खुर्चीतून उठला आणि अगदी मनापासून खाली वाकून तिचे आभार मानले.